काचेआडचं कोवळं ऊन

अ‍ॅरिझोनात राहून उन्हाची गोळी घ्यायची म्हणजे नागपुरात राहून पुण्याहून संत्री मागवायची, हा माझा ठरलेला विनोद होता. चँडलरमधल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक जेवणात मी तो केला आणि प्रत्येक वेळी लोक हसले. पुण्याकडचे जरा कमी हसायचे, तेवढंच. विनोद चालला की माणसाला वाटायला लागतं, आपण म्हणतो तेच बरोबर. मला तर नोकरीत असल्यापासून तसं वाटायची सवय होती.

माझ्या बायकोचं हाड आमच्या सुनेच्या निष्काळजीपणामुळे मोडलं, हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नागपूरला बायकोच्या थोरल्या बहिणीच्या घरी तर ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगितलं जातं. ते खोटं आहे. ते मी सांगितलं. आता वय झालं, आणि सून अजून तो डाग घेऊन वावरते आहे, म्हणून जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

आधी आमच्या संध्याकाळच्या कट्ट्याबद्दल. मुलांकडे राहायला आलेले आईवडील आणि माझ्यासारखे इथेच निवृत्त झालेले लोक, असे आम्ही ऊन उतरल्यावर पार्कमध्ये फेऱ्या मारायचो. साड्यांखाली पांढरे बूट, हातात पाण्याच्या बाटल्या. आमच्यातला प्रत्येक जण डॉक्टर होता, फक्त कुणी शिकलं नव्हतं. बँकेत जन्म काढलेले एक गृहस्थ मेथ्यांनी गुडघे बरे करायचे. त्यांचे स्वतःचे गुडघे वाजायचे ते ऐकू येत असे. या मंडळींपैकी दिवसाउजेडी कुणी घराबाहेर पडत नसे. गॅरेजमधून गाडीत, गाडीतून दुकानात, दुकानातून परत गॅरेजमध्ये. अंगाला ऊन लागलंच तर पार्किंगमध्ये, आणि तेही कपाळाला आठ्या घालून. पोत्यातल्या बटाट्यांसारखे आम्ही अंधारात राहायचो आणि एकमेकांना सांगायचो की ऊन आपल्या रक्तातच आहे, हे ड जीवनसत्त्व वगैरे गोऱ्यांची दुखणी. यातलं निम्मं मीच सांगायचो, कारण मी इंजिनियर होतो आणि माझा आवाज मोठा होता.

त्याच सुमारास बायको सोफ्यावरून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यायला लागली. मग जिना चढताना कठड्याला धरून अंग ओढायला लागली. चालताना झुलायची. मी कट्ट्यावर म्हणालो की बदकासारखी चालते, आणि लोक हसले. तिला घरी सांगितलं की वजन कमी कर. ती म्हणाली, "वजन तर आपोआपच कमी होतंय. पाय का जड होतायत मग?" हा प्रश्न चांगला होता. मी पेपर वाचत होतो.

शेवटी मुलाने लकडा लावला म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं. बायकोला इंग्रजी समजतं, पण बोलायचं म्हटलं की तिची जीभ अडते. इतकी वर्षं इथे काढून ती बोलायला का शिकली नाही, असं लोक विचारतात. शिकायची वेळ मी येऊ दिली नाही, हे त्याचं उत्तर आहे. बँकेत, शाळेत, डॉक्टरकडे तिच्या वतीने मीच बोलायचो आणि त्याला मी प्रेम समजायचो.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, काय होतं? तिने माझ्याकडे बघून सांगितलं. मांड्या आतून दुखतात, मांसात नाही, हाडात. उठताना जोरच येत नाही, कुणी पाय काढून घेतल्यासारखं वाटतं. कूस बदलली तरी कमरेत कळ येते. बरगडीवर बोट दाबलं तरी दुखतं. ती बराच वेळ सांगत होती. मी ऐकून घेतलं आणि डॉक्टरना सांगितलं की वयामुळे थोडा थकवा येतो, गुडघे कुरकुरतात.

"एवढंच सांगितलंत?" तिने विचारलं.

"इंग्रजीत सगळं थोडक्यात सांगतात," मी म्हणालो.

डॉक्टर माझ्यापेक्षा शहाण्या होत्या. त्यांनी तरीही रक्त तपासायला दिलं. पुढच्या वेळी बोलावून त्यांनी सांगितलं की शरीरातलं ड जीवनसत्त्व जवळजवळ संपलेलं आहे. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट जातच नाही. मग शरीर ते हाडांतून काढून घेतं, नवं हाड घट्ट होत नाही, स्नायूंचा जोर जातो. बाईंनी अगदी सावकाश समजावलं. शाकाहारी जेवणात ते फारसं मिळत नाही, त्वचा सावळी असेल तर उन्हात जास्त वेळ लागतो, आणि तुम्ही लोक उन्हात जाताच कुठे, असंही हसून म्हणाल्या. मला ते झोंबलं. आठवड्याला एक अशी जोरकस कॅप्सूल आणि मग रोजची गोळी, असा उपाय होता. याहून सोपा उपाय वैद्यकात क्वचितच असेल.

मी घरी येऊन बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं होतं. म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. मी बायकोला मोठ्या आवाजात ते वाचून दाखवलं. मी स्वतः कंपनीच्या पार्ट्यांमध्ये चिकन खायचो, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

"मी डोळे मिटून गिळलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही वाचून कशाला दाखवलंत?"

जिलेटिन नसलेले थेंब त्याच दुकानात त्याच फळीवर मिळतात. विचारलं असतं तर कळलं असतं. पण मला विचारायचं नव्हतं, मला जिंकायचं होतं. एवढा विनोद लोकांत करून झाल्यावर माझ्याच घरात उन्हाची गोळी यावी, हे मला सोसणारं नव्हतं. बाटली मी बाथरूमच्या वरच्या कपाटात ठेवली, जिथे तिचा हात पोचत नाही. सुनेने एकदा विचारलं, "बाबा, आईंच्या टॅब्लेट्स चालू आहेत ना?" मी म्हणालो, चालू आहेत. तिने विश्वास ठेवला. सासऱ्यावर विश्वास ठेवू नये असं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गोळीऐवजी मी बायकोला ऊन द्यायला लागलो. तेही कोवळं. तान्ह्या मुलाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवायचं, हे आपल्याकडे आईच्या पोटातून शिकून येतात, आणि ते चांगलंच म्हणून त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात ड जीवनसत्त्व करणारा अतिनील किरण जवळजवळ नसतोच, तो सूर्य चांगला वर आल्यावर येतो, हे मी विचारात घेतलं नाही. रोज सकाळी चहा झाला की दिवाणखान्यातल्या पूर्वेच्या मोठ्या काचेपाशी सोफ्यावर तिला बसवायचं आणि म्हणायचं, घे ऊन.

ती म्हणायची, बाहेर अंगणात बसते. मी नको म्हणायचो. पूर्वी एकदा तिने अंगणात चादर टाकून कुरडया वाळत घातल्या होत्या आणि वसाहतीच्या कमिटीने तक्रार केली होती. तेव्हापासून अंगणात मराठी काही दिसलं की मला लाज वाटायची. शिवाय तिच्या भाचीचं लग्न होतं, आणि मी तिला म्हणालो होतो की फोटोत काळी दिसशील. सत्तरीला टेकलेल्या बाईला मी हे म्हणालो. ती आत काचेपाशी बसली. एकदा म्हणाली, "इथे उजेड खूप येतो हो. पण अंगाला ऊन लागल्यासारखं वाटत नाही." मी म्हणालो, एसी चालू आहे म्हणून.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी इथल्या चिपच्या कारखान्यात जन्म काढला, आणि माझं काम प्रकाशाचं होतं. चिपवर नक्षी उमटवायला अतिनील किरण वापरतात. साधी काच ते किरण अडवते, म्हणून तिथली भिंगं वेगळ्या पदार्थाची असतात. नव्याने आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचो. फळ्यावर खिडकी काढायचो आणि म्हणायचो, हिच्यातून तुम्हाला सूर्य दिसतो, पण अर्धा सूर्य बाहेरच राहतो. पोरं लिहून घ्यायची. आणि आमच्या घरची ती काच तर मीच निवडलेली. अतिनील किरण अडवणारा थर असलेली, उन्हाने सोफ्याचा रंग उडू नये म्हणून. विकणाऱ्याने थराचे गुण सांगायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला थांबवून उरलेले गुण मीच सांगितले होते.

एवढं ज्ञान डोक्यात असून मी रोज सकाळी बायकोला त्या काचेआड बसवत होतो. याला अज्ञान म्हणता येत नाही. अज्ञानाला निदान काहीतरी ठाऊक नसावं लागतं.

तो शनिवार होता. सुनेने सकाळी स्वयंपाकघर पुसून घेतलं आणि ती किराणा आणायला गेली. मुलगा मुलांना घेऊन कुठेतरी गेला होता. बायको काचेपाशी बसली होती. चहाचा कप ठेवायला म्हणून उठली आणि पाय गेला. ती धाडकन पडलीसुद्धा नाही. गालिच्यावर हळूच बसली, जशी देवापुढे बसते तशी. आणि तेवढ्यानेच मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. तिचा चेहरा बघून मला कळलं की काय झालं आहे. आणि त्याच वेळी, मी अजून खाली वाकायच्या आधी, माझ्या डोक्यात आलं की ती बाटली वर कपाटात भरलेली आहे.

हॉस्पिटलमधून पहिला फोन मी नागपूरला केला. थोरल्या मेहुणीने विचारलं, कशी पडली? मी म्हणालो, सुनेने फरशी पुसली होती, ओली होती. एवढंच म्हणालो. स्वयंपाकघर कुठे, दिवाणखाना कुठे, आणि दिवाणखान्यात गालिचा आहे, हे नागपूरला कुणाला माहीत असणार. बाकीचं मेहुणीने स्वतः रचलं. नोकरी करणारी सून, घाईघाईत काम, सासूचं काय होईल याची पर्वा नाही. दिवस मावळायच्या आत ते सगळीकडे गेलं. संध्याकाळी सून हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझ्यापाशी आली. नागपूरहून तिला फोन येऊन गेला होता.

"बाबा, फ्लोअर तर ड्राय झाली होती ना? मी निघायच्या आधी चेक केलं होतं यार..." ती जिभेवर आलेल्या 'यार'पाशी थांबली, कारण ती सासऱ्याशी बोलत होती. मी म्हणालो, असेल एखाद्या कोपऱ्यात ओली, तू मनाला लावून घेऊ नकोस. वर मोठेपणाही घेतला.

तिथल्या डॉक्टरांना कोडं पडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं, रक्तात ड जीवनसत्त्व पूर्वीइतकंच कमी. गोळ्या घेत होत्या का, असं त्यांनी बायकोला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी उत्तर दिलं, नियमित. मग त्यांनी साहजिकच विचार केला की घेतलेली गोळी अंगी लागत नाही, म्हणजे आतड्यात काही बिघाड असणार. ऑपरेशनमधून सावरते न सावरते तोच तिला उपाशी ठेवून घशातून नळी घातली, आतड्याचा तुकडा तपासायला घेतला. गव्हाची तर बाधा नाही ना, म्हणून तपासण्या झाल्या. आयुष्यभर पोळी खाल्लेल्या बाईला विचारलं गेलं, पोळीने त्रास होतो का? ते विचारणारे मूर्ख नव्हते. त्यांना खरं सांगितलं असतं तर नळी घालायची गरजच नव्हती. मी शेजारी उभा राहून तिच्यासाठी दुभाष्याचं काम करत होतो.

काहीच सापडलं नाही तेव्हा त्यांनी थेंब लिहून दिले. जिलेटिन नसलेले. ते सुनेने स्वतःच्या ताब्यात घेतले. जिच्यावर हाड मोडल्याचा आळ होता ती रोज ऑफिसचा पहिला कॉल सुरू व्हायच्या आधी सासूपाशी यायची, "आई, आ करा," म्हणायची, आणि लहान मुलाला देतात तसे थेंब तोंडात टाकायची. बायको पुटपुटायची, "चव तर कशाचीच नाही. एवढ्यासाठी एवढं रामायण." हळूहळू तिच्या मांड्यांत जोर यायला लागला. वॉकर घेऊन ती दाराशी जाऊ लागली. आतड्यात बिघाड असता तर हे झालं नसतं. हे डॉक्टरना कळलं असेलच. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि मी त्याबद्दल त्यांचे आभार मानले नाहीत.

वॉकरला जागा हवी म्हणून मुलाने आणि मी एक दिवस सोफा हलवला. उशी उचलली, आणि मी तिथेच उभा राहिलो. वर्षानुवर्षं सकाळचं ऊन ज्या कापडावर पडत होतं ते कापड आणि उशीखाली झाकलेलं कापड, दोन्हींचा रंग एकच होता. जराही उडालेला नव्हता. काच विकणाऱ्यापुढे मीच सांगितलं होतं तसंच. तोवर मी स्वतःला समजावत होतो की गोळ्या नाही दिल्या, पण ऊन तर दिलं. नवा सोफा बघावा तसा मी तो सोफा बघत होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, उचला ना तुमची बाजू."

त्यानंतरही मी लगेच बोललो नाही. माझ्यासारखी माणसं लगेच बोलत नाहीत, योग्य वेळेची वाट बघतात, आणि योग्य वेळ कधी येऊ नये अशी व्यवस्था करतात. पण मेहुणीचा रविवारचा फोन यायचाच. एका रविवारी फोन स्पीकरवर होता. सून ओट्यापाशी भाजी चिरत होती, बायको टेबलापाशी बसली होती. मेहुणी म्हणाली, "आता तरी फरशी कोरडी करतात का न तुमच्याकडे?" सुरी थांबली. सून पुन्हा चिरायला लागली. ती कधीच उलट बोलली नव्हती.

मी फोन जवळ ओढला आणि सांगितलं. फरशी कोरडी होती. ती गालिच्यावर पडली. गोळ्या मी बंद केल्या होत्या आणि हॉस्पिटलमध्ये खोटं बोललो. काचेचंही सांगितलं, पण ते मेहुणीला समजलं नसावं.

मग मेहुणी हळव्या आवाजात म्हणाली, "जाऊ द्या न भाऊजी. सुनेला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेता. एवढा मोठा मनाचा माणूस मी पाहिला नाही."

खरं सांगूनही मीच मोठा ठरत होतो. इतकी वर्षं मी घरातल्या सगळ्यांच्या वतीने बोललो त्याचं हे फळ, की माझं खोटं सगळ्यांना पटलं आणि माझं खरं कुणाला पटेना. मी पुन्हा सांगू लागलो, पण माझ्या आवाजातच काहीतरी बिघडलं होतं. मी समजावून सांगत होतो, फळ्यापुढे उभा असल्यासारखा.

तेव्हा बायकोने हात पुढे करून फोन स्वतःकडे घेतला. "ताई, ते खरं बोलतायत. फरशी कोरडी होती. मी चहाचा कप ठेवायला उठले होते."

"मग तू इतके दिवस का नाही बोललीस?" मेहुणीने विचारलं.

"यांनी आधीच सांगून टाकलं होतं. मी काय नवऱ्याला खोटं पाडायचं?" ती थांबली आणि सुनेकडे बघून म्हणाली, "पाडायला पाहिजे होतं. चुकलंच माझं." माझ्या चुकीतला वाटा तिने उचलला तेव्हा मला जे वाटलं ते न लिहिण्याइतकी लाज अजून माझ्यात आहे.

मेहुणीने फोन लवकर ठेवला. सून हात पुसत टेबलापाशी आली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा भांडेल, दोन्हींची मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "बाबा, आईंची बुधवारची अपॉइंटमेंट आहे ना, तिला मी जाते आत. तुम्ही ड्राइव्ह करा हवं तर." एवढंच. पुढे कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. अजूनही फार बोलत नाही. तो तिचा हक्क आहे.

आता बायको सकाळी उशिरा, ऊन चांगलं वर आल्यावर, मागच्या अंगणात खुर्ची टाकून थोडा वेळ बसते, बाह्या वर करून. चँडलरचं ऊन आहे, फार वेळ बसू देत नाही. तापायला लागलं की ती वॉकर घेऊन आत येते. कमिटीने अजून तक्रार केलेली नाही. थेंब चालूच आहेत. कट्ट्यावर मी जातो, पण विनोद करत नाही. मेथीवाले गृहस्थ परवा म्हणाले, तुमचा तो संत्र्यांचा विनोद सांगा की. मी त्यांना रक्त तपासून घ्यायला सांगितलं. त्यांना तो विनोदच वाटला, ते हसले.

त्या बुधवारी मी बायकोला आणि सुनेला गाडीतून नेलं. मी सवयीने बायकोच्या मागोमाग आतल्या दारापर्यंत गेलो. ती वळून म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा." सून तिच्याबरोबर आत गेली. तिथे टेबलावर फोन ठेवतात आणि त्यातून मराठी दुभाषी बाई बोलते, अशी सोय आहे म्हणे. पूर्वीपासून आहे. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हवी का? मी नको म्हणालो होतो.

बाहेरच्या खुर्चीवर बसून मला शब्द कळत नव्हते, पण आवाज ऐकू येत होता. बायकोचा. ती बोलत होती, मध्ये दुसरा आवाज यायचा, मग पुन्हा ती. मला वाटलं आता संपेल, पण संपत नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, तुम्हाला आत जायचंय का? मी नाही म्हणालो. आत तिचं बोलणं चालूच होतं.